जोडीतलं मत

विधानसभेचं मतदान बुधवारी होतं, २० नोव्हेंबर २०२४ला. त्याआधीच्या रविवारी मी दिंडोरी तालुक्यात धाकट्या भावाच्या मळ्यावर गेले होते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छाटलेला थॉमसन जातीच्या द्राक्षाचा प्लॉट. फुलोरा सरून मणी धरला होता, ज्वारीएवढा झाला होता. द्राक्षाच्या वर्षात या आठ-दहा दिवसांना फार किंमत. घड न् घड मगातल्या औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचा, म्हणजे डिपिंग करायचं. मणी ठरावीक जाडीचा असतानाच ते व्हावं लागतं. दोन दिवस हुकले की मणी पुढे सरकतो, मग हवी तशी फुगवण मिळत नाही. भाऊ त्या दिवसांत नुसता झोपायला घरी यायचा.

चहा पिताना विषय मतदानावर आला. मे महिन्यात लोकसभेला नाशिक मतदारसंघात ६१ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं होतं. शंभरातले एकोणचाळीस लोक आलेच नाहीत याचा त्याला मनापासून राग. “ताई, हे गोड बोलून होणारं काम नाही. रांगोळ्या काढा, प्रभातफेऱ्या काढा, काही फरक पडत नाही. सक्ती करा. मत दिलं नाही तर दंड. रेशन बंद. सातबारा मिळणार नाही म्हणावं. मग बघ कशी रांग लागते.” आमच्या वडिलांनी हयातीत एक मतदान चुकवलं नाही. तोही चुकवत नाही. त्याच्या बोलण्यात कळकळ होती.

तेवढ्यात मुकादम आला. चपला बाहेर काढून पायरीशी उभा राहिला. टोळी सुरगाणा तालुक्यातली, नवरा-बायकोच्या पाच जोड्या आणि एक म्हातारी, विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोल्यांत उतरलेली. “शेठ, बुधवारी मतदानाला जायाचं व्हतं. पाड्यावर.”

भावानं कप खाली ठेवला. जरा वेळानं म्हणाला, “बुधवारी डिपिंग आहे. मतदान पाच वर्षांनी परत येतं रे. मणी थांबत नाही.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. सक्तीचं बोलणं आणि हे बोलणं, मध्ये पाच मिनिटंही गेली नव्हती. पण तो मला तेव्हा खोटा वाटला नाही, आजही वाटत नाही. सोसायटीचं कर्ज, औषधवाल्याची उधारी, मागच्या मार्चमधली गारपीट, सगळं मला माहीत आहे. मतदान चुकवणारा म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर शहरातला माणूस येतो, सुट्टी बघून सहलीला निघालेला. आपल्याच बांधावरचा माणूसही मतदान चुकवू शकतो आणि ते आपल्यापायी, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग त्यानं तोडगा काढला. जोडीतला एक जाईल, एक राहील. म्हणजे अर्धी टोळी कामावर. मुकादमानं मान हलवली. कोण जाणार आणि कोण राहणार हे कुणी बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. गडी जातील, बाया औषधाचा मग हातात धरून राहतील.

मुकादमाची बायको हंडा घेऊन चालली होती, ती थांबली. हंडा कमरेवरून खाली न ठेवताच म्हणाली, “माझा नाव येगळा हाये ना यादीत. तो माझा मत कसा देल?”

*

भावाच्या हजेरीच्या वहीत तिचं नाव नाही. मी ती वही पाहिली आहे. उभ्या रेघा मारलेली लांबट वही, डावीकडे माणसांची नावं, पुढे तारखांचे रकाने. या टोळीच्या पानावर पाच गड्यांची नावं आहेत आणि प्रत्येकापुढे ‘जोडी’ असं लिहिलं आहे. सहाव्या ओळीत ‘म्हातारी’. उचल जोडीला दिली जाते, रोज जोडीचा धरला जातो, शनिवारचा बाजारही जोडीच्या हिशोबातून. भाऊ वाईट वागतो म्हणून हे असं नाही, आमच्या शिवारातल्या बहुतेक वह्या अशाच आहेत.

मी शिक्षिका होते, २०२२मध्ये निवृत्त झाले. निवडणुकीची ड्युटी मला नवी नाही. बहुतेक वेळा मी मतदान अधिकारी क्रमांक दोन असायची, म्हणजे रजिस्टरात सही किंवा अंगठा घ्यायचा, चिठ्ठी द्यायची आणि बोटाला शाई लावायची. क्रमांक एकचा अधिकारी माझ्या शेजारी बसलेला. मतदार आला की तो यादीतला अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचतो. समोर बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं, कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता यावी, एवढ्यासाठीच ती पद्धत. पण पेठ तालुक्यातल्या एका केंद्रावर मी पाहिलं, नाव पुकारल्यावर बाया एकदम ताठ व्हायच्या. काही जणी “हो” म्हणायच्या, शाळेत हजेरी द्यावी तशा. स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, असं सलग आणि मोठ्यानं परक्या माणसाच्या तोंडून त्यांना एरवी कधी ऐकायला मिळत असेल?

त्यांची बोटं मला आठवतात. शाई नखापासून पहिल्या पेरापर्यंत ओढायची असते. द्राक्षाच्या, भाताच्या, नागलीच्या कामानं नखाच्या कडा इतक्या चिरलेल्या असायच्या की शाई त्या भेगांत उतरायची आणि रेघ कधी सरळ यायची नाही. एका आजीला डाव्या हाताची तर्जनीच नव्हती. ती घाबरली, आपल्याला परत पाठवतील म्हणून. मी सांगितलं, तर्जनी नसेल तर त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाला लावायची असा नियम आहे. तिनं मधलं बोट पुढे केलं आणि शाई वाळेपर्यंत ते तसंच धरून उभी राहिली.

देशातल्या पहिल्या निवडणुकीची, १९५१-५२ची, एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगायची. यादी करायला माणसं दारोदार गेली तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की अशा नोंदी चालणार नाहीत, बाईचं तिचं म्हणून नाव पाहिजे. सुमारे २८ लाख बायकांची नावं त्यापायी यादीतून गेली. फार कठोर वाटतो तो निर्णय, त्या वेळी ओरडही झाली. पण मला तो बरोबर वाटतो. त्यांनी ‘जोडी’ चालवून घेतली असती, तर हंडा कमरेवर घेऊन “माझा नाव येगळा हाये” म्हणणारी बाई मला २०२४मध्ये भेटली असती का, कोण जाणे.

*

मी भावाला त्या दिवशी कायदा सांगितला. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५ब. मतदानाच्या दिवशी नोकरीतल्या प्रत्येक मतदाराला पगारी सुट्टी, आणि रोजंदारीवरच्या माणसालाही त्या दिवसाचा रोज. न देणाऱ्या मालकाला दंड आहे, पाचशे रुपयांपर्यंत. तो म्हणाला, “आणि माझं नुकसान?” तेही कायद्यात आहे. ज्याच्या गैरहजेरीनं कामाचं मोठं नुकसान होईल अशा मतदाराला हे कलम लागू होत नाही. म्हणजे ज्वारीएवढ्या मण्यासाठी ‘मणी थांबत नाही’ हे म्हणणं कायद्यातही चालू शकतं. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. मालकाचं नुकसान मोजायला कायद्यात जागा आहे. बाईचं मत बुडालं, त्याचं माप कुठे?

आता यात सक्ती आणा. ही नुसती कल्पना नाही, गुजरातनं ती आणली होती. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदानापुरता कायदा तिथल्या विधानसभेनं २००९मध्ये केला, पुन्हा २०११मध्ये केला, राज्यपालांची सही २०१४मध्ये झाली आणि मत न देणाऱ्याला शंभर रुपये दंडाचे नियम २०१५मध्ये आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुजरात उच्च न्यायालयानं अंमलबजावणी थांबवली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये विधी आयोगानंही आपल्या २५५व्या अहवालात सक्तीच्या विरोधात मत दिलं होतं. शंभर रुपये म्हणजे माझ्या सोसायटीतल्या माणसाला एका मिसळीचे पैसे. सुरगाण्याच्या बाईला पाड्यावर जाऊन मत द्यायचं तर घाटातली जायची-यायची साठ-सत्तर किलोमीटरची वाट, गाडीभाडं आणि बुडालेला रोज. ती गेली तरी भुर्दंड, नाही गेली तरी भुर्दंड. आणि दंडाची नोटीस ‘जोडी’ला येणार नाही, तिच्या नावानं येईल.

शिवाय गाडी कुणाची, हाही प्रश्न आहे. मुकादम त्या रविवारी हळूच म्हणाला होता की मंगळवारी रात्री एका पार्टीची गाडी वस्त्यांवरून टोळ्या गोळा करत फिरणार आहे. मतदारांना अशी वाहनं पुरवणं हा गुन्हा आहे, हे मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत होतं. त्या गाडीत बसलेल्या माणसाला उतरताना कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं जातं, नाश्त्याचं पाकीटही मिळतं. आज तो माणूस “नाही येत” म्हणू शकतो, बागेत राहू शकतो. उद्या न जाण्याला दंड लागला तर त्या गाडीला नाही म्हणायची त्याची ताकद जाईल. गाडी ज्याच्या मालकीची, त्याचं वजन वाढेल. सक्तीची बाजू घेणारे हे का पाहत नाहीत याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला भावानं दिलं होतं, आणि ते खोटं नाही. तिथे १९२२च्या निवडणुकीत मतदान साठ टक्क्यांच्या खाली गेलं, १९२४मध्ये सक्तीचा कायदा झाला आणि १९२५मध्ये ते एक्क्याण्णव टक्क्यांवर पोचलं. दंड किती, तर वीस डॉलर. पण तिथे मतदान शनिवारी असतं. तिथला माणूस स्वतःच्या राज्यातल्या कुठल्याही केंद्रावर जाऊन स्वतःच्या मतदारसंघाचं मत देऊ शकतो. आधी जाऊन देता येतं, टपालानं देता येतं. आपल्याकडे सुरगाण्याची बाई दिंडोरीच्या शाळेतल्या केंद्रासमोरून पाण्याचा हंडा घेऊन जाईल, पण मत तिथे देऊ शकणार नाही. निवडणूक आयोगानं २०२३च्या जानेवारीत स्थलांतरितांसाठी एक यंत्र राजकीय पक्षांपुढे मांडलं होतं, एका यंत्रात ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं. पक्षांनी शंका काढल्या, त्यातल्या काही मला योग्यही वाटल्या. ते तिथेच राहिलं.

*

शहरातल्या लोकांना मी सोडून देत नाहीये. मी इंदिरानगरला राहते. लोकसभेचं मतदान सोमवारी आलं होतं, २० मेला, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून. शेजारच्या दिंडोरी मतदारसंघात, ज्यात हे सुरगाण्याचे पाडे येतात, मतदान ६७ टक्क्यांच्या जवळ गेलं आणि आमचं नाशिक मागे राहिलं. निकालानंतर मी आमच्या सोसायटीत दारोदार गेले. अठ्ठावीस फ्लॅट. सरळ विचारलं, मत दिलंत का, नाही तर का नाही? लोक मोकळेपणानं बोलले.

दोन घरं खरोखर फिरायला गेली होती. त्यांना मी जे बोलायचं ते तिथेच बोलले. पण बाकीच्यांचं काय? एका कुटुंबाची नावं अजून जुन्या नाशकातल्या वाड्याच्या पत्त्यावर होती. वाडा पडून नऊ वर्षं झाली. पुण्याला नोकरी करणाऱ्या दोन मुली, नावं इथे. अंबडच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला जाणारा एक मुलगा, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा-आजी, दोघंही पंच्याऐंशीच्या पुढचे, त्यांना घरी बसून मत देता आलं असतं, पण त्यासाठीचा नमुना १२ड वेळेत भरायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक काका. ते म्हणाले, “मी विचार करून गेलो नाही. मला कुणालाच द्यायचं नव्हतं.” मी म्हटलं, काका, मग नोटा आहे, २०१३पासून आहे. ते म्हणाले, “नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी दोन नंबरचा निवडून येतोच ना?” विधानसभा-लोकसभेला तसंच आहे, मी काय उत्तर देणार! ते गेले नाहीत हे मला पटलं नाही. पण त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या व्याख्येत मतदानाच्या हक्कात मत न देण्याचा हक्कही धरला आहे, कलम ७९ड. काकांना दंड करून रांगेत उभं केलं तर ते बटण दाबतील, आणि त्यांना काय म्हणायचं होतं ते कुणालाच कळणार नाही.

नोव्हेंबरपर्यंत मी वाड्याच्या पत्त्यावरच्या कुटुंबाचा पत्ता बदलण्याचा नमुना ८ भरून घेतला, आजोबा-आजींचा १२ड भरला. त्यांच्याकडे पथक आलं तेव्हा मीही खाली थांबले होते. पथक गेल्यावर आजींनी मला वर बोलावून बोट दाखवलं. मतदानाला प्रोत्साहन म्हणजे माझ्या लेखी एवढंच आहे, आणि ते शाळेच्या मुलांच्या प्रभातफेरीपेक्षा कष्टाचं आहे.

सक्तीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट माझ्या मनात साचलेली आहे. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. राज्यघटनेच्या २४३यू कलमात स्पष्ट लिहिलं आहे की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. आरक्षणाचा वाद, प्रभागांचा वाद, न्यायालयातल्या तारखा. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला. जवळपास चार वर्षं या शहराला नगरसेवक नव्हता. नळाला पाणी आलं नाही, रस्ता खोदून तसाच पडला, तर ओरडायचं कुणाकडे? प्रशासकाकडे जायला माझ्यासारखीला बळ आहे, सिडकोतल्या भाडेकरू बाईला कुठलं? या चार वर्षांत नाशिककरांचं मतदान शून्य टक्के होतं. कुणाला दंड झाला?

आणि आमच्याच जिल्ह्यातलं उमराणे. देवळा तालुका, कांद्याचं गाव. २०२१च्या ग्रामपंचायत निवडणुकीत तिथे सरपंचपदाची बोली लागली, मंदिराच्या कामासाठी म्हणून, आणि ती दोन कोटी पाच लाखांवर गेली. राज्य निवडणूक आयोगानं ती निवडणूकच रद्द केली. बिनविरोध म्हटलं की आपल्याकडे लोकांना गाव एक झाल्याचा आनंद होतो. यशवंतराव चव्हाण १९६३मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले, त्याची आठवण आमचे वडील अभिमानानं सांगायचे. चीनच्या युद्धानंतरचा काळ होता, मला तो अभिमान कळतो. पण उमराण्यातल्या बोलीत ज्याच्या खिशात दोन कोटी नाहीत त्याचं मत कुठे गेलं? मतदाराला सक्ती करायची तर आधी निवडणूक वेळेवर व्हायची सक्ती करा, ती खरी व्हायची सक्ती करा.

*

बुधवारी मी सकाळी सातलाच इंदिरानगरला मत दिलं आणि मळ्यावर गेले. बाग रिकामी होती. भाऊ विहिरीच्या कठड्यावर बसला होता. रविवारी रात्री त्यानं मुकादमाला सांगितलं होतं, सगळे जा, पण पार्टीच्या गाडीनं नाही. पहाटे पाचला स्वतःची पिकअप काढून दिली, डिझेल टाकलं. अकरा जण गेले, म्हातारीसुद्धा. एकच्या सुमाराला ते परत आले आणि भाकरीही न खाता मग घेऊन ओळीत शिरले. अंधार पडेपर्यंत डिपिंग चाललं. उरलेल्या ओळी गुरुवारी झाल्या. त्यानं रोज मात्र अर्धाच धरला. मी म्हटलं, पूर्ण द्यायला पाहिजे, कायदा आहे. तो काही बोलला नाही. आमचं त्यावर आजही एकमत नाही.

ती बाई समोरच्या ओळीत होती. घड बुडवायचा, दोन क्षण धरायचा, हलकेच झटकायचा, पुढचा घड. डावा हात औषधाच्या पाण्यानं निथळत होता आणि तर्जनीवरची शाई ओलीच असल्यासारखी चमकत होती. मी विचारलं, रांग होती का? म्हणाली, “नाय. पहिला नाव माझाच पुकारला.”

२०२६च्या जानेवारीत, महापालिकेचं मतदान झाल्यानंतरच्या रविवारी, मी पुन्हा मळ्यावर गेले. मण्यांत पाणी उतरायला लागलं होतं. टोळी तीच, फक्त म्हातारी आली नव्हती. मुकादमाची बायको घडांना कागद बांधत होती. तिनं माझ्या बोटावरची खूण पाहिली आणि हात थांबवला.

“कसला मत, बाई?”

“महापालिकेचं. आमच्या शहराचं.”

“आनि आमच्या झेडपीचा?”

जिल्हा परिषदेची मुदतही २०२२च्या मार्चमध्येच संपली होती. मी म्हटलं, अजून तारीख नाही. तिनं पुढचा कागद घेतला, घडाभोवती गुंडाळला आणि टाचणी लावता लावता भावाकडे वळून विचारलं, “शेठ, तारीख लागली का सांगाल ना?”